हसणाऱ्या बाईची सही

"तू? तू तर बसलेल्या माणसांचे फोटो काढतोस," असं माझी बायको रोझीन बटाटे सोलता सोलता म्हणाली नसती, तर मी गोडेलीव्हबाईंना नम्रपणे नकार देऊन मोकळा झालो असतो.

गोडेलीव्हबाई आमच्या मेणबत्ती गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे त्या साधं 'पाऊस पडेलसं वाटतं' हेसुद्धा नकाशावर छडी टेकवल्यासारखं सांगतात. मंडळाला यंदा शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त आमच्या घेंट शहराचा एक अख्खा उन्हाळा, म्हणजे गाणं, खाणं आणि रस्ता, बारा मोठ्या फोटोंत पकडायचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गल्लीतल्या जुन्या साखर-गोदामाच्या भिंतीवर लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवून झाल्यावर त्या मला विचारायला आल्या होत्या.

"तीन महिन्यांत बारा फोटो, फिर्मिन. महिन्याला चार. तुम्ही तर सकाळी अकराच्या आत चार काढता."

तेवढ्यात रोझीनचं ते वाक्य आलं. मी बटाट्यांकडे न बघता म्हणालो, "काढतो."

आता 'बसलेल्या माणसांचे फोटो' म्हणजे पासपोर्टचे फोटो. लोकांना ते हलकं काम वाटतं. एकतीस वर्षं मी स्टुलावर बसलेल्या माणसाची हनुवटी अर्धं बोट वर, अर्धं बोट खाली करतोय. दोन्ही कान दिसले पाहिजेत, सावली पडता कामा नये, आणि मुख्य म्हणजे ओठ मिटलेले हवेत. "हसू नका, इकडे बघा," हे वाक्य मी अर्ध्या घेंटला ऐकवलंय. अर्ध्या घेंटने ते ऐकलंयसुद्धा. आणि एकदा माझ्या स्टुलावर बसलेला चेहरा मी विसरत नाही, हा माझा लौकिक आहे. म्हणजे मीच तो सगळ्यांना सांगत असतो, पण लौकिकाची सुरुवात कुठून तरी व्हावीच लागते.

मी खाण्यापासून सुरुवात केली, कारण अन्न हलत नाही.

कोपऱ्यावरच्या आशीलच्या खानावळीत बीअरमध्ये तीन तास शिजवलेल्या मांसाचा रस्सा मिळतो. तो उतरायच्या आधी वर मोहरी फासलेली पावाची चकती सोडतात आणि ती विरघळून जाते. ते खाऊन माणूस बायकोची माफी मागायला घरी जातो, इतका तो चांगला आहे. पण फोटोत? मी सव्वीस फोटो काढले आणि सव्वीसच्या सव्वीस फोटोंत डबक्यात पडलेला बूट आला. दोष आशीलचा नाही. आमचा रस्सा तपकिरी, बीअर तपकिरी, मोहरी तपकिरी, आणि आशीलची टेबलं त्याच्या आजोबांच्या काळापासून तपकिरी.

"वर थोडी कोथिंबीर टाक," शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी म्हणाला. आपल्याकडे सल्ला द्यायला लायसन लागत नाही.

मी दोन पानं टाकली. स्वयंपाकघरातून आशील आला, त्याने ती पानं पाहिली आणि हातातला डाव टेबलावर ठेवला.

"फिर्मिन," तो म्हणाला, "तुझ्या बापाच्या मयताला हाच रस्सा मी केला होता. तेव्हा कुणी त्याच्यावर गवत टाकलं होतं का?"

मी माफी मागितली, पानं खाल्ली आणि संगीताकडे वळलो.

मंडळाचं बँडपथक दर गुरुवारी शाळेच्या पटांगणात सराव करतं. तेवीस वाजवणारे, त्यांत चार ट्रॉम्बोन, आणि एक मोठा ढोल. सूर कधीकधी चुकतो, पण चुकला तर तेवीसही जण एकदम चुकतात, ही शिस्त मी दुसऱ्या कुठल्याही पथकात पाहिलेली नाही. संध्याकाळचं ऊन पितळेवर पडलं होतं, गाल फुगले होते, सगळं इतकं छान जमून आलं होतं की मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने ओरडलो, "हसू नका, इकडे बघा!"

पथक थांबलं. तेवीस माणसं ओठ मिटून, हनुवटी सरळ करून माझ्याकडे बघायला लागली. त्यांतल्या एकोणीस जणांचे पासपोर्ट माझ्याकडचे होते, त्यांना आपोआप जमलं. तो फोटो मी रोझीनला दाखवला.

"कुठल्या बँकेवर दरोडा घातला यांनी?" ती म्हणाली.

गोडेलीव्हबाईंनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. माणसांच्या समोर उभं राहिलं की माणसं ताठ होतात, तेव्हा फोटो वरून काढावेत, असं ठरलं. वरून म्हणजे शिडीवरून. आणि जुलैतल्या दहा दिवसांच्या उत्सवात, अख्खं शहर रस्त्यावर असताना, फुटपाथवर शिडी लावायची तर परवानगी हवी. म्हणून मी एका ऑफिसात गेलो. नाव घेत नाही, मला अजून याच शहरात राहायचंय.

काउंटर नंबर चारवर एक बाई होत्या. राखाडी जाकीट, केसांचा घट्ट अंबाडा, साखळीला अडकवलेला चष्मा. सरळ हनुवटी, मिटलेले ओठ, चेहऱ्यावर कसलीच सावली नाही. माझ्यातल्या धंदेवाल्याने मनातल्या मनात टोपी काढली. अशी गिऱ्हाइकं हल्ली मिळत नाहीत.

"शिडी किती पायऱ्यांची?" बाईंनी विचारलं.

"पाच."

"पाच म्हणजे रचना."

"नाही हो, शिडीच आहे. लाकडी."

"चार पायऱ्यांपर्यंत शिडी. पाचपासून रचना. रचनेच्या परवानगीला कामाचे एकवीस दिवस लागतात."

"पण उत्सव नऊ दिवसांवर आलाय!"

"मग पुढच्या वर्षीच्या उत्सवासाठी तुम्ही अगदी वेळेत आलात." हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. खरोखर माझं कौतुक करत होत्या. "आणि फोटो लावणार कुठे?"

"गोदामाच्या भिंतीवर. रस्त्याच्या बाजूने."

त्यांनी खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला. "सार्वजनिक भिंत. ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याला एक क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक क्रमांकाची सही आणायची. एक जरी राहिली, तरी तो फोटो लागणार नाही."

शिडी न मिळता वर गठ्ठा घेऊन मी परत आलो. लोक याला प्रशासन म्हणतात.

शिडी नाही म्हणून मी बीअरच्या रिकाम्या क्रेटवर उभा राहिलो. क्रेटला पायऱ्या नसतात, म्हणजे ती रचना नव्हे. उत्सवाच्या पहिल्याच दिवशी, दुपारी चार वाजता, शुक्रवार बाजाराच्या चौकात आमचं पथक वाजवत होतं. गर्दी एवढी की तळलेल्या बटाट्याची पुडी तोंडापर्यंत न्यायची तर शेजाऱ्याचा कोपर बाजूला करावा लागत होता. मी क्रेटवर चढलो, नेम धरला, आणि क्रेट मोडली. मी मागे गेलो. मागे ढोल होता. ढोल वाजवणाऱ्याने सभ्यपणे हात बाजूला घेतला आणि मी कमरेपर्यंत ढोलात बसलो.

अशा वेळी माणसाची अब्रू जाते की राहते, हे आजूबाजूचे किती हसतात त्यावर ठरतं. अख्खा बाजार हसला. पथक थांबलं नाही. ढोलाचा ठेका चुकला, तर त्यांनी तो चुकलेलाच पुढे चालू ठेवला. मला बाहेर काढायला चार ट्रॉम्बोनवाले लागले.

पडताना माझं बोट बटणावर होतं. घरी येऊन बघतो तर काय! तिरकं आकाश, ट्रॉम्बोनची लांब नळी, आणि मधोमध एक बाई. मोकळे पिंगट केस, लाल ठिपक्यांचा फ्रॉक, एका हातात पावाची लांबलचक काठी. त्या काठीने ती पथकाला ताल देत होती आणि मान मागे टाकून हसत होती. अक्कलदाढसुद्धा दिसत होती. एकतीस वर्षांत मी काढलेला हा पहिला फोटो होता, ज्यात कुणीतरी जिवंत होतं.

त्यानंतर मी वेड्यासारखा भटकलो. सकाळी नदीकाठी, दुपारी सेंट जेकब चर्चच्या आवारात, संध्याकाळी दहापर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात गल्लीबोळांतून. 'हसू नका' तोंडात आलं की जीभ चावायचो. आणि मला माझं शहर दिसायला लागलं. शिंपल्यांच्या वाफेत चष्मा पुसणारा पाद्री. एकाच पुडीतून बटाटे खाणारं, घटस्फोट झालेलं जोडपं. पुलाच्या कठड्यावर पाय सोडून पिपाणी वाजवणारा निवृत्त न्यायाधीश. मी याच गावात जन्मलो, पण कायम स्टुडिओतल्या पांढऱ्या पडद्याच्या अलीकडून पाहिलं होतं. आता दहा दिवस माझा ऊर भरून येत होता आणि चपला झिजत होत्या.

गल्लीच्या टोकाला दुर्सुनची भट्टी आहे. त्याचे आईवडील साठ वर्षांपूर्वी तुर्कस्तानातल्या एमिरदाहून घेंटला आले. भट्टीसमोर खुर्ची टाकून दुर्सुन संध्याकाळी त्याचं लांब दांड्याचं सात तारांचं वाद्य वाजवत बसतो आणि त्याची आई फात्माबाई मटणाचा खिमा पसरलेल्या पातळ गरम भाकऱ्या गुंडाळून वाटत असते. मी त्याचे फोटो काढले. त्यांतल्या सर्वांत चांगल्या फोटोत ती ठिपक्यांच्या फ्रॉकवाली पुन्हा होती. फरशीवर मांडी घालून, डोळे मिटून, ठेक्याच्या बरोबर मध्ये चुकीच्या जागी टाळी देत. दुर्सुन वाजवायचं विसरून तिच्याकडे बघत होता.

आशीलच्या खानावळीत पावाच्या तुकड्याने तिने ताटली अशी पुसली होती, की तो तपकिरी रस्सा पहिल्यांदाच रस्शासारखा दिसत होता. अचानक सर आली तेव्हा ती तीन अनोळखी माणसांबरोबर एका टेबलक्लॉथखाली उभी होती. ऑगस्टच्या मध्याला मी बारा फोटो निवडले, आणि बारापैकी नऊ फोटोंत ती होती. मी तिचा पाठलाग केला नव्हता, हे मी रोझीनला तीनदा सांगितलं. रोझीनने तीनदा 'बरं' म्हटलं. तिसऱ्या वेळचं 'बरं' मला आवडलं नाही.

आता सह्या. बारा फोटोंत एकशे त्रेचाळीस चेहरे. मी घरोघर फिरलो. आमच्याकडे नुसती सही कुणी देत नाही. आधी कॉफी, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग सही. दिवसाला अकरा कॉफ्या व्हायच्या. एक ट्रॉम्बोनवाला म्हणाला, "सही करतो, पण पोट कमी कर." आशील म्हणाला, "तो कोथिंबिरीवाला फोटो माझ्या देखत फाड, मग करतो." फात्माबाईंनी माझ्यासमोर तीन भाकऱ्या ठेवल्या आणि मी तिसरी संपवेपर्यंत पेनाला हात लावला नाही. "एक प्रत एमिरदाला पाठव," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीला दिसू दे, इथे आमच्या दारात लोक कसे बसतात ते."

एकशे बेचाळीस सह्या झाल्या. राहिली ती हसणारी बाई.

तिला सगळ्यांनी पाहिलं होतं, पण नाव कुणालाच माहीत नव्हतं. दुर्सुन म्हणाला, नक्की नाटकात काम करते. आशील म्हणाला, एवढी भूक म्हणजे शेतावरची असणार. गोडेलीव्हबाईंनी कात्री काढली. "कापून टाकू." एका फोटोतून आम्ही तिला कापून पाहिलं. उरले ते खिमा काढून घेतलेल्या भाकरीसारखे लोक. सगळे कुठेतरी बघून खूश होते, आणि तिथे एक भोक होतं.

शेवटी प्रदर्शनाला पाच दिवस राहिले असताना, मुदत मागायला मी पुन्हा काउंटर नंबर चारवर गेलो. राखाडी जाकीटवाल्या बाईंनी चष्मा लावला आणि एकेक चेहरा एकेका सहीशी ताडून बघायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं. माझ्यामागे रांग कुरकुरत होती.

"क्रमांक सतरा," त्या थांबल्या. "सही नाही."

"तीच तर सापडत नाही, मादाम. नऊ फोटोंत आहे. अख्खी गल्ली शोधतेय."

बाईंनी फोटो जवळ घेतला. मग लांब धरला. मग चष्मा काढून साखळीवर सोडला, आणि 'पुरवणी ब जोडा' म्हणावं त्याच आवाजात म्हणाल्या, "ही मी आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटी तीच, कपाळ तेच. आणि तेव्हा मला आठवलं की सात वर्षांपूर्वी या बाई माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. ओडिल फेरलिंडे. मीच त्यांना सांगितलं होतं, हसू नका. मला त्यांच्या भुवया, कान, नाकपुड्या, सगळं पाठ होतं. त्या हसताना कशा दिसतात, तेवढंच माहीत नव्हतं.

"तुम्ही... उत्सवात?" मी म्हणालो. माझा लौकिक त्या क्षणी काउंटरखाली लोळत होता.

"दर जुलैत दहा दिवस रजा घेते," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली. कुठे जाता म्हणून ऑफिसात कुणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, कपाटं आवरत असेन." त्यांनी पावाच्या काठीवाला फोटो पुन्हा उचलला. कान हळूहळू लाल झाले. "मी अशी दिसते?"

"त्याहून चांगल्या," मी म्हणालो. "माझं तेवढं कौशल्य नाही."

 फोटो खाली ठेवायला त्यांना फार वेळ लागला.

"मग सही करता ना?" मी पेन पुढे केलं.

"आनंदाने केली असती. पण सही काउंटरवरच्या अधिकाऱ्यासमोर करायची असते, आणि या कामाची अधिकारी मीच. स्वतःसमोर सही कशी करू? दुसरे अधिकारी सायकलवरून फ्रान्सला गेलेत. अठरा तारखेला येतील."

"पण प्रदर्शन सहाला आहे! इथे कोण बघतंय, मादाम?"

"मी बघतेय ना," ओडिलबाई म्हणाल्या. आणि खरं सांगतो, राग यायच्या ऐवजी मला त्यांच्यापुढे मान लववावीशी वाटली. स्वतःच्या आनंदालाही रांगेत उभं करणारी माणसं फार थोडी.

मी हे गुपित रोझीन आणि गोडेलीव्हबाईंखेरीज कुणालाच सांगितलं नाही. गोडेलीव्हबाईंनी तोडगा काढला. चेहरा ओळखू आला नाही तर सही लागत नाही, तेव्हा तेवढा चेहरा झाकायचा. घरात चिकटणारं एकच काही होतं, रोझीनची जॅमच्या बरण्यांवरची लेबलं. गोल, पांढरी, कडेने स्ट्रॉबेऱ्या. नऊ फोटोंतल्या नऊ हसण्यांवर मी माझ्या हाताने ती लेबलं चिकटवली. मोठमोठ्या कलावंतांना हालअपेष्टा सोसाव्या लागल्या असं ऐकतो, पण जॅमचं लेबल कुणाच्या वाट्याला आलेलं नसावं.

शनिवारी गोदामासमोर सगळी गल्ली लोटली. पथक वाजवत होतं, आशीलचा रस्सा उकळत होता, फात्माबाई भाकऱ्या वाटत होत्या. लोक स्वतःला शोधत होते, सापडलं की ओरडत होते. ट्रॉम्बोनवाला पोटावरून भांडला. पण प्रत्येक जण शेवटी तेच विचारी, "ही स्ट्रॉबेरी कोण रे?" आणि माझी मान खाली जाई.

साडेतीनच्या सुमारास गर्दी जरा बाजूला झाली. ओडिलबाई आल्या होत्या. राखाडी जाकीट, अंबाडा, चष्मा. प्रत्येकाने त्यांना लगेच ओळखलं, कारण गल्लीत असा एकही नव्हता ज्याला त्यांनी कधी ना कधी परत पाठवलं नव्हतं. दुर्सुनला भट्टीच्या धुराड्यासाठी तीनदा. आशीलने नुसतं त्यांना पाहून रस्शावर झाकण टाकलं.

त्या पहिल्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. लेबलाकडे निरखून पाहिलं. मग नखाने लेबलाची कड उचलली.

मी धावलो. "मादाम, नको! सही नाही झालेली! फोटो उतरवावा लागेल!"

"तुम्ही माझा चेहरा दाखवायचा, तर माझी सही लागते," ओडिलबाई शांतपणे म्हणाल्या. "मी माझा चेहरा दाखवायचा, तर कुणाची लागते?"

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. आठवडाभर सगळी कलमं वाचली मी. कुठेही काही लिहिलेलं नाही." आणि त्यांनी लेबल ओढलं.

मान मागे टाकून ती बाई भिंतीवर हसली, आणि तिच्याखाली राखाडी जाकीट उभं होतं. एक क्षण कुणाला काही समजलंच नाही. मग ढोलवाल्याने ढोलाच्या नव्या कातड्यावर एक ठोका दिला. त्यांनी दुसरं लेबल काढलं, दुसरा ठोका. चौथ्यापर्यंत गल्ली मोठ्याने मोजत होती. दुर्सुनच्या फोटोपाशी दुर्सुन स्वतः पुढे आला, फोटोतल्या मिटलेल्या डोळ्यांकडे आणि समोरच्या चष्म्याकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि म्हणाला, "बाई, तुमची टाळी फार चुकते हो."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही थांबू नका."

तो खुर्ची आणायला पळाला. नववं लेबल निघालं तेव्हा ओडिलबाईंचा अंबाडा अर्धा सुटला होता, फात्माबाईंनी त्यांच्या हातात भाकरी कोंबली होती, आणि आशीलने झाकण काढून सगळ्यांत मोठी ताटली भरायला घेतली होती. रोझीन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या कोटाच्या बाहीला लागलेला डिंक नखाने खरवडत राहिली.

ओडिलबाई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आल्या. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात ती नऊ लेबलं, एकावर एक नीट रचलेली. त्या हसत होत्या. माझ्या समोर, एक हात अंतरावर, अक्कलदाढेपर्यंत. माझा कॅमेरा गळ्यात होता आणि मला तो उचलायचं सुचलं नाही.

"फिर्मिन," त्या म्हणाल्या, "ही कुठल्या डब्यात टाकायची? डिंक लागलेला कागद रद्दीत चालत नाही."